एकसारखी चूक

५ जानेवारी, सोमवार

सकाळी प्रयोगशाळेत गेलो. काचा घासल्या. संध्याकाळी परत आलो. जेवलो. थंडी आहे.

एवढ्यावर थांबणार होतो, पण ही वही आईंनी दिली आहे. "तोंडाने बोलत नाही, तर हाताने तरी बोला, जावईबापू," असं म्हणाल्या. पान रिकामं सोडलं तर त्यांना कसं कळेल ते सांगता येत नाही, पण कळेल. म्हणून आणखी थोडं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. बायको आजारी पडली तेव्हा तिचं करायला आल्या. बायको ऑक्टोबरात गेली. आई अजून इथेच आहेत. त्या शाळेत कवायतीच्या बाई होत्या. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, शिट्टी काही सुटली नाही. जेवण तयार झालं की स्वयंपाकघरातून एक लांब शिट्टी येते. चहाच्या दोन आखूड. मी दोन्हींना "आलो" म्हणतो. घरातलं माझं बोलणं बहुतेक तेवढंच.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. तो लिफ्टचा इन्स्पेक्टर आहे, दुसऱ्या गावी असतो, आणि बोलतोही बटण दाबल्यासारखं. "एक तारखेला, रविवारी येतो. आईला घेऊन जातो. तिकिटं काढली." मी बरं म्हणालो. योग्यच आहे. लेक राहिली नाही, तर आईंनी जावयाकडे का राहायचं? आईंना सांगितलं. त्याही बरं म्हणाल्या. नंतर भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता.

८ जानेवारी, गुरुवार

आज लाजिरवाणा प्रकार झाला. सकाळी रेडिओने मला दारातच गाठलं. रेडिओ म्हणजे माझ्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी. सकाळी सुरू होते ती संध्याकाळीच बंद होते, म्हणून सगळे रेडिओ म्हणतात. ती स्वतःही फोनवर तसंच सांगते.

"सर, कोरड्या कपाटात कोबी आहे."

"कुठला कोबी?"

"तुमचा. डब्यातला. काल काचांची डबी ठेवायची तिथे तुम्ही जेवणाचा डबा ठेवलात. रात्रभर नायट्रोजन सोडलाय त्याच्यावर. इतका कोरडा कोबी जगात कुणी पाहिला नसेल. पण सर, मग काचा कुठायत?"

पिशवी उघडली. काचांची डबी पिशवीत, डब्याच्या कप्प्यात होती. म्हणजे काल ती घरी जाऊन आज परत आली होती. सगळ्या काचा आपापल्या खाचेत, नंबराप्रमाणे. नेहमीपेक्षा स्वच्छही दिसल्या. हायसं वाटलं. त्याच काचा लावून नवे नमुने भरायला घेतले.

अलीकडे असं होतं. परवा चष्मा शोधत होतो आणि तो डोळ्यांवर होता. बायको असती तर महिनाभर सांगत सुटली असती.

१० जानेवारी, शनिवार

आज जेवताना आईंनी विचारलं, "जावईबापू, दिवसभर त्या काचा घासून तुम्ही नक्की करता काय?"

सांगायला लागलो. टीव्हीच्या पडद्यात एक द्रव असतो, द्रवस्फटिक. पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे लांबट रेणू सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात.

"म्हणजे माझी सहावी ब," आई म्हणाल्या. "जागेवर एक नाही, पण तोंडं सगळ्यांची घंटेकडे."

मी हो म्हटलं. काचेवर पातळ लेप देऊन तो मखमलीने एकाच दिशेने घासला की रेणू त्या दिशेला रांग धरतात.

"ही झाली शिट्टी."

"हो. ती वरची काच. खाली एक स्फटिक असतो. त्याची स्वतःची एक दिशा असते, आम्ही ती मुद्दाम तिरकी ठेवतो. आणि रेणू न् स्फटिक यांच्यामध्ये एक पातळ थर घालतो, म्हणजे ते एकमेकांना शिवत नाहीत."

"का? भांडण आहे?"

"नाही. न शिवता स्फटिक त्यांना आपल्या दिशेला वळवतो का, ते बघायचं असतं."

"कशाने वळवेल? शिट्टी नाही, हात नाही."

मग सांगितलं की पूर्ण अंधार केला, मधे काही ठेवलं नाही, तरी प्रकाश अगदी शून्य होत नाही. बारीक थरथरत राहतो. आम्ही त्याला पुंज चढउतार म्हणतो. त्या थरथरीला दोन्हीकडच्या दिशा कळतात, आणि त्या जुळल्या तर तिला बरं पडतं. म्हणून रेणूंना किंचित पीळ बसतो. मधला थर जाड केला की पीळ जातो.

"सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा जातो?"

"जाड थराला जातो."

"बरंय," म्हणाल्या, आणि मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली. मी मागितली नव्हती, पण हवी होती.

बायको याला 'काही-नाही' म्हणायची. मी घरी आलो की पायातले बूट काढायच्या आत विचारायची, "सापडलं का तुझं काही-नाही?" तिचा दातांचा दवाखाना होता, तिथे सगळं हाताला लागणारं. आमच्या रस्त्यात अजूनही कुणी माझ्याकडे बघून हसलं की मी आधी दात बघतो. बरेचसे तिचेच आहेत. दातांनी बाटली उघडणारे आणि दातांनी दोरा तोडणारे, या दोघांवर तिचा विशेष राग होता.

आज फार बोललो. घसा दुखतोय.

१४ जानेवारी, बुधवार

नव्या नमुन्यांत पीळ दिसला. चांगला मोठा. हिशोबाने यायला हवा त्याच्या दहापट.

रेडिओ खुर्चीवर चढली. विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, ते धावत आले. दुर्बिणीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकात, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सिद्धांत बदलावा लागणार!" मी म्हटलं, थोडं थांबू. ते म्हणाले, "तुम्ही लग्नातही असेच थांबून थांबून बोहल्यावर चढला असाल." नंतर त्यांच्या लक्षात आलं, आणि ते माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पीळ फार मोठा आहे. निसर्ग एवढा उदार नसतो.

आईंना काही सांगितलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

जाड थराचा नमुना तपासला. पीळ गेला नाही. तेवढाच आहे.

म्हणजे तो स्फटिकाकडून येत नाही. आमच्याच कुठल्यातरी चुकीतून येतो आहे. पण सगळ्या नमुन्यांत चूक अगदी एकसारखी आहे, तंतोतंत. हे विचित्र आहे. मी चुकतो तेव्हा दर वेळी निराळा चुकतो.

मोठ्या सरांनी तोवर पुष्कळ लोकांना, अगदी त्यांच्या न्हाव्यालाही, सांगून टाकलं आहे.

२१ जानेवारी, बुधवार

उलगडा झाला.

संध्याकाळी घरी येऊन टेबलाशी बसलो होतो. आई म्हणाल्या, "चेहरा असा का? काच फुटली?"

"नाही. काचा बरोबर आहेत. पण त्या चुकताहेत."

"कुठल्या काचा? त्या डबीतल्या? त्या तर मी लख्ख पुसून दिल्या होत्या."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग विचारलं, "कधी?"

"तुम्ही डब्याऐवजी त्या घरी घेऊन आलात तेव्हा. डबा धुवायला काढायला गेले, तर हे. सगळ्यांवर धूसर काहीतरी चढलेलं. आतच मखमलीचा तुकडा ठेवला होता. तो काय काचांनी पांघरायला?"

"जोरात पुसल्या?"

"मी कुठलं काम हळू करते?"

"कुठून कुठे?"

आईंनी टेबलावर हात फिरवून दाखवला. सरळ नाही. खालच्या कोपऱ्यातून वर, तिरका. पुन्हा दाखवला. तसाच. मी कोनमापक आणला. प्रत्येक खेपेला तोच कोन. म्हणाल्या, "खांदा आहे हा. मुलांना दोरावर चढून दाखवताना पडले होते. तेव्हापासून हात सरळ जात नाही."

"सगळ्या काचा अशाच पुसल्या?"

"म्हणजे काय! एकीला एक आणि दुसरीला दुसरं असं मी उभ्या जन्मात केलं नाही. सहावी ब ला विचारा."

म्हणजे नव्या सिद्धांताचा उगम आईंच्या खांद्यात होता. मोठे सर सगळीकडे सांगत फिरत होते तो पीळ आमच्या स्वयंपाकघरात बसला होता.

मला हसू आलं. आधी थोडं, मग थांबेना. पाणी प्यावं लागलं. आई माझ्याकडे बघत होत्या. "अगं बघ," त्या भिंतीवरच्या फोटोला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला दात आहेत."

२३ जानेवारी, शुक्रवार

मोठ्या सरांना सांगितलं. खोलीत रेडिओही होती. मी वाक्य घरून ठरवून नेलं होतं: "काचा माझ्या सासूबाईंनी पुसल्या होत्या." म्हटल्यावर ते पुरेसं वाटलं नाही, पण दुसरं वाक्य ठरवलेलं नव्हतं.

मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आता मी न्हाव्याला काय सांगू?"

रेडिओ टेबलाखाली काहीतरी पडलं म्हणून वाकली ती लवकर वर आली नाही. वर आल्यावर तिने विचारलं, "सर, आजी कधीपर्यंत आहेत?"

मी सांगितलं, एक तारखेला जाणार.

"मग तुम्ही?"

मी म्हटलं, मी कुठे जाणार? मी इथेच आहे. तिचा प्रश्न कळला नाही.

नवे नमुने करायचे. नव्या काचा घासायला घ्यायच्या.

२४ जानेवारी, शनिवार

दुकानातून परत आलो तर रेडिओ आमच्या बैठकीत, आईंच्या शेजारी. मला बघून दोघी गप्प झाल्या. रेडिओ गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, "सर, तुमची छत्री राहिली होती, द्यायला आले."

छत्री माझी नव्हती. विभागातल्या कुणाचीतरी असेल. मुलगी धांदरट आहे, पण मनाने चांगली. एवढ्याशा छत्रीसाठी एवढ्या लांब आली. दोन कप चहा झालेला दिसला आणि पत्त्यांचा डावही. आई पत्त्यांत लबाडी करतात हे तिला सांगायला हवं होतं.

२७ जानेवारी, मंगळवार

घासायचं यंत्र बंद. त्यात मखमल गुंडाळलेला एक रूळ असतो, तो एका दातेरी पट्ट्यावर फिरतो. तो पट्टा नाही. काल होता.

"तुटला सर," रेडिओ म्हणाली.

"दाखव."

"फेकला."

कचऱ्याची टोपली बघितली. रिकामी होती. कंपनीला फोन केला. असा पट्टा आता तयार नसतो, मागवावा लागेल, काही आठवडे जातील म्हणाले.

रेडिओ दिवसभर जवळजवळ बंद होती. पट्ट्याचं तिला फारच मनाला लागलेलं दिसतं. जाताना मीच तिला म्हटलं, एवढं काय, झिजतात वस्तू. तिने माझ्याकडे बघितलं आणि एकदम बाथरूमकडे पळाली.

घरी आल्यावर आई म्हणाल्या, "पट्टा मिळाला का मग?" सकाळी निघायच्या आधी तर मला स्वतःलाच माहीत नव्हतं. बहुतेक मधे फोन केला असेन आणि विसरलो असेन. विसरण्याचं प्रमाण वाढलं आहे.

२८ जानेवारी, बुधवार

हाताने घासून पाहिलं. माझ्या काचा बघवत नाहीत. रेणूंची रांग म्हणजे सुट्टी झालेली शाळा. माझा हात पूर्वी असा नव्हता. ऑक्टोबरापासून थोडा कापतो.

रेडिओच्या काचा माझ्याहून वाईट निघाल्या. आश्चर्य वाटलं. एरवी ती केसाएवढ्या तारा जोडते.

"सर," ती काचांकडे न बघता म्हणाली, "बरोबर हात कुणाचाच नाहीये. पण निदान एकसारखा चुकणारा हात मिळाला तर? एकसारखी चूक वजा करता येते. तुम्हीच शिकवलंत पहिल्या वर्षी."

हे मी शिकवलं होतं खरं.

"तसा हात कुठून आणायचा?" मी विचारलं.

रेडिओने छताकडे बघितलं. बऱ्याच वेळाने मला सुचलं. मी म्हटलं, आईंना विचारून बघू का? "अय्या सर!" ती म्हणाली. "हे मला कसं नाही सुचलं!"

२९ जानेवारी, गुरुवार

आई प्रयोगशाळेत आल्या. विचारलं तेव्हा "मला काय येतंय त्यातलं?" म्हणाल्या, पण सकाळी माझ्याआधी बूट घालून दाराशी उभ्या होत्या.

आत जाताना पांढरा झगा, टोपी, बुटांवर पिशव्या घालाव्या लागतात. रेडिओने सांगितलं, "आजी, शिट्टी बाहेर ठेवावी लागेल. धूळ असते."

"मग मीही बाहेर."

शेवटी शिट्टी अल्कोहोलने पुसून झग्याच्या आत घेतली. मोठे सर बघायला आले होते. आईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "शर्ट खोचा." मोठ्या सरांनी खोचला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, त्यांनी कुणाचं ऐकलेलं मला आठवत नाही.

मग आई बसल्या. काच घेतली, मखमल घेतली, कोपऱ्यातून वर, तिरकं, उचललं, पुन्हा कोपऱ्यातून. दर काचेला तितकेच हात. त्या तोंडातल्या तोंडात "एक साथ... सावधान" म्हणत होत्या. मी बाजूला उभा राहून काचा देत होतो. तासभर आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि दोघांनाही अडचण झाली नाही.

दुपारी तपासलं. सगळ्या काचा चुकलेल्या. सगळ्या अगदी सारख्या.

३१ जानेवारी, शनिवार

आईंची बॅग दाराशी ठेवलेली आहे. जाता-येता दोनदा अडखळलो.

उद्या दुपारी मेहुणा येईल. तसं योग्यच आहे. फक्त गुरुवारच्या काचा पुरणार नाहीत. पातळ थराचे नमुने आहेत, जाड थराचे आहेत, मग स्फटिक उलट्या बाजूला तिरका ठेवून तेच सगळं पुन्हा. हे मेहुण्याला समजावून सांगावं लागेल. काय बोलायचं ते लिहून काढायला बसलो. एक पान झालं, खोडलं.

संध्याकाळी चहाच्या दोन शिट्ट्या आल्या तेव्हा लगेच उठलो नाही. तिसरी येते का बघत होतो. तिसरी आली नाही. आई कप घेऊन स्वतः आल्या आणि माझ्यासमोर ठेवून गेल्या.

१ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा आला. वर येताना आमच्या लिफ्टचा दोर बघून आला आणि म्हणाला, "ग्रीस कमी आहे." मग जेवला. मग उठला. "चल आई. गाडी पाचची."

आई माझ्याकडे बघत नव्हत्या. शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मी म्हणालो, "आत्ता नेता येणार नाही."

"मिळेल की गाडी. वेळ आहे."

"गाडीचं नाही. आईंचं. आई लागतात."

"कशाला?"

"काचा पुसायला."

मेहुणा पुन्हा बसला. "भावजी, आई सत्तरीच्या पुढे आहे. काचा पुसायला बाई ठेवा."

"तशा नाही. प्रयोगाच्या."

"मग दुसरं कुणी पुसू शकत नाही?"

"पुसतात. पण सगळे वेगवेगळं चुकतात. आई एकसारखं चुकतात."

मेहुण्याने आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे मात्र खरंय," तो म्हणाला.

"तोंड सांभाळून," आई म्हणाल्या. "मला तिथे टोपी मिळते."

"पण आई, तुला इथे राहायचंय का? तू सांग ना."

"माझं काय आहे त्यात? त्यांचं काम अडलंय. मधेच सोडून गेले तर लोक काय म्हणतील? कवायतीची बाई रांग मोडून गेली?"

"कधीपर्यंत?"

आईंनी उत्तर माझ्यावर सोपवलं. मी म्हटलं, "पट्टा येईपर्यंत."

"पट्टा कधी येणार?"

"ते सांगता येत नाही."

हे खरंच होतं. तरी बोलताना कान गरम झाले. एवढं सलग मी मेहुण्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोललो असेन. त्याने खिशातून तिकिटं काढली. मग म्हणाला, "ताईने सांगितलं होतं मला, तुम्ही महत्त्वाचं काही बोललात की ते ऐकायला चमत्कारिकच वाटतं." आणि एक तिकीट परत करायला गेला.

तो गेल्यावर आईंनी बॅग आत नेऊन उघडली. मी मदतीला गेलो. आत दोन उशा होत्या आणि जुनी वर्तमानपत्रं. बाकी काही नव्हतं. प्रवासाला एवढ्या उशा कशाला ते कळलं नाही. वयस्कर माणसांना स्वतःची उशी लागते, तसं असेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज सगळी मोजमापं पुरी झाली.

आईंचा तिरकेपणा सगळीकडून वजा केला. जाड थराच्या नमुन्यांत काही उरलं नाही. पातळ थराच्या नमुन्यांत थोडं उरलं. अगदी थोडं. स्फटिक डावीकडे तिरका ठेवला तर डावीकडे, उजवीकडे ठेवला तर उजवीकडे. हिशोबाने यायला हवं होतं जवळजवळ तेवढंच. दहापट नाही, काही नाही. पण ते आहे. मधे कुणी नसताना, हात न लावता, रेणू त्याच्याकडे वळताहेत.

रेडिओ या वेळी खुर्चीवर चढली नाही. माझ्या शेजारी बसून तिने आलेख तीनदा बघितला आणि हळूच म्हणाली, "सर, इवलंसं आहे. पण काय ऐटीत बसलंय बघा."

मोठे सर म्हणाले, लेखात आभार मानताना आईंचं नाव घालावं लागेल, पण त्यांचा खांदा कसा लिहायचा? मी म्हटलं, 'हाताने घासलेल्या काचा, एकसमान विचलन' असं लिहू. त्यांना ते पटलं. न्हाव्याला मात्र ते अजून काही बोललेले नाहीत. केस वाढलेत त्यांचे.

घरी आलो. बूट काढत होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सापडलं का तुमचं काही-नाही?"

एक बूट हातात राहिला. आईंनी हे घरात ऐकलं असणारच, इतक्या दिवसांत. पण बोलण्याचा चढ-उतार तोच होता. मी तो जागेवर ठेवला, मग दुसरा काढला. त्यांनी घाई केली नाही.

"सापडलं," मी म्हणालो.

"किती?"

"अगदी थोडं."

"असू दे," आई म्हणाल्या. "हात धुऊन या. आज शिट्टी वाजवणार नाही, गार होईल."

१५ फेब्रुवारी, रविवार

आई आणि रेडिओ सकाळीच बाहेर गेल्या. आईंना नवीन कॅनव्हासचे बूट हवेत, आणि रेडिओला भाव करता येतो. दोघी जिन्यावरून एकदमच बोलत उतरल्या. लिफ्ट घेतली नाही.

कालच कंपनीचा फोन आला होता. पट्टा तयार आहे, सोमवारी पाठवतो म्हणाले.

घरात कुणी नव्हतं. लेखाचा मसुदा वाचत बसलो असतो, पण निळ्या शर्टाचं वरचं बटण लोंबत होतं. शिवणाचा डबा बायकोचा. हल्ली आई वापरतात. उघडला. वर दोऱ्याची रिळं, खाली बटणं. निळं बटण शोधायला बोटं आत घातली तर काहीतरी रबरासारखं हाताला लागलं. बाहेर काढलं. काळा, दातेरी पट्टा. कुठे तुटलेला नाही, झिजलेलाही नाही. आतल्या बाजूला आकडा छापलेला होता, तो वाचला.

आमच्या घरात असा पट्टा लागेल असं एकही यंत्र नाही.

थोडा वेळ तो हातात धरून बसलो. मग होता तसाच गोल करून बटणांच्या तळाशी ठेवला आणि वर सगळी बटणं नीट पसरली. सोमवारी कंपनीला फोन करून सांगायला हवं की घाई नाही. आधी दुसऱ्यांचे पट्टे पाठवा म्हणावं. पुढचे नमुनेही हातानेच घासायचे आहेत.

बटण मिळालं. सुईत दोरा ओवायला वेळ लागला. चार टाके घातले, गाठ मारली. उरलेला दोरा तोडायला दातांपर्यंत नेला होता. तसाच खाली घेतला आणि उठून कात्री शोधली.